सात थर

आमच्या घरी पदवीदानाचा आनंदोत्सव व्हावयाचा होता. अशा प्रसंगी आईबाप मुलांचे कौतुक करतात, पेढे वाटतात आणि आल्यागेल्यास गुणपत्रिका दाखवितात, हा सर्वत्र चालत आलेला रिवाज आहे. आमच्या घरी मात्र तो उलटा झाला. पदवी मिळाली होती आमच्या आईस, आणि कौतुक करण्याची पाळी आली होती आम्हां दोघां भावंडांवर. आम्हांपैकी थोरली नववीत आहे व धाकटा सातवीत. त्या दिवसापर्यंत दोघांसही चहापलीकडे काही करता येत नव्हते. तरीसुद्धा आईसाठी थराथरांचा केक आपण स्वतः करावयाचा, असा आम्ही निश्चय केला. तो का केला आणि कसा तडीस गेला, याची हकीकत शाळासोबत्यांस व त्यांच्या पालकांस सांगावी, म्हणून हा लेख.

आमचे घर धायरीस आहे. सिंहगड रस्त्याने फाट्यावर उतरून आत वळले की दोन्ही बाजूंस उंच इमारती लागतात. आमची आजी लग्न होऊन या गावी आली तेव्हा येथे ज्वारीची शेते होती, आणि धारेश्वराच्या देवळापाशी उभे राहिले की सिंहगडापर्यंत नजरेस अडथळा म्हणून नव्हता, असे ती सांगते. २०१७ साली जी अकरा गावे पुणे महानगरपालिकेत घेतली गेली, त्यांत धायरीचे नाव होते. गावाचे आता शहर झाले आहे. परंतु दोन इमारतींच्या बेचक्यात आमचे बैठे कौलारू घर, त्यापुढील लहानसे अंगण आणि अंगणातील आजीची लोखंडी शेगडी, एवढे मात्र जुने राहिले आहे. या शेगडीस पुढे मोठे काम पडावयाचे होते, म्हणून तिचा उल्लेख येथेच करून ठेवतो.

आमची आई भोर तालुक्यातील एका खेड्यातली. दहावीची परीक्षा ती चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली. परंतु पुढील शिक्षणाची सोय गावात नव्हती, आणि लवकरच तिचे लग्न झाले. पुढे आमचे अभ्यास घेता घेता तिची जुनी इच्छा पुन्हा जागी झाली. तिने सतरा नंबरचा अर्ज भरला आणि ती बाहेरून बारावीस बसली. त्यानंतर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात तिने बी. ए.साठी नाव घातले. हे विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले. ज्यांस रोज महाविद्यालयात जाऊन बसणे शक्य नाही, अशांस आपले काम सांभाळून शिकता यावे, हा त्याचा हेतू. पुस्तके घरी वाचावयाची, सुटीच्या दिवशी अभ्यासकेंद्रावर तासास बसावयाचे, आणि बाकीचे सर्व ज्याचे त्याने करावयाचे. आमच्या आईचे हे ‘बाकीचे सर्व’ रात्री भांडी घासून झाल्यावर सुरू होई. साडेदहापासून बारापर्यंत स्वयंपाकघरातील दिवा जळत असे, आणि सकाळी पाच वाजता आमच्या डब्यांसाठी तोच दिवा पुन्हा लागे.

येथे आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. बारावीच्या पहिल्या खेपेस आई इंग्रजीत अनुत्तीर्ण झाली. निकाल लागून दोनच दिवस झाले होते. संध्याकाळी ती पोळ्या लाटीत होती, आणि शेजारी उघडून ठेवलेल्या पुस्तकातील एका शब्दाचा अर्थ तिने आम्हांस विचारला. तोच शब्द तिने त्यापूर्वीही दोनदा विचारला होता. तेव्हा आम्हांपैकी एकाने म्हटले, “आई, आता कशाला शिकतेस?” हे कोणी म्हटले ते आम्ही येथे लिहीत नाही. एकाने म्हटले व दुसऱ्याने हसून त्यास साथ दिली. म्हणून दोष दोघांचाच आहे. आई काही बोलली नाही. तिने पिठाच्या हातानेच पुस्तक मिटले आणि राहिलेल्या पोळ्या पुऱ्या केल्या. पुढे तीन महिने ते पुस्तक फडताळातून बाहेर निघाले नाही. नंतर एके रात्री स्वयंपाकघरात दिवा पुन्हा दिसला. दुसऱ्या खेपेस ती उत्तीर्ण झाली, आणि पदवीची तीनही वर्षे तिने न अडखळता पार पाडली. परंतु त्या संध्याकाळच्या प्रश्नाविषयी ना तिने कधी शब्द काढला, ना आम्ही. क्षमा मागावयाची तर कशी, हे आम्हांस उमगत नव्हते. निदान हातांनी काही करून दाखवावे, असे मनाने घेतले.

केक फाट्यावर विकत मिळतो. मलई लावलेला आणि वर नाव काढलेला केक अर्ध्या तासात हाती येतो. परंतु पैसे बाबांचे, श्रम दुकानदाराचे, आणि कौतुक आमचे, हा हिशेब आम्हांस बरोबर वाटेना. शेजारच्या इमारतीत मूळच्या मडगावच्या एक मावशी राहतात. त्या रुग्णालयात परिचारिकेचे काम करतात. त्यांस विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “थरांचाच करायचा, तर बेबिंका करा. पण घाई असेल, तर मुळीच करू नका.” आम्हांस घाई नव्हती. आई व बाबा पदवीदान समारंभासाठी शनिवारी एस. टी.ने नाशिकला गेले होते, आणि रविवारी रात्री परतावयाचे होते. पुण्याहून नाशिक सुमारे २१० किलोमीटर आहे. तेव्हा दहाच्या आत ती दोघे घरी येत नाहीत, हे आम्ही धरून चाललो.

बेबिंका हा गोव्याचा केक होय. २०२३ साली त्यास भौगोलिक मानांकन मिळाले. जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात बेबियाना नावाच्या एका भगिनीने तो प्रथम केला, आणि लिस्बन शहराच्या सात टेकड्यांची खूण म्हणून त्यास सात थर दिले, अशी दंतकथा आहे. कथा खरी असो वा नसो, सात थरांची चाल आजही टिकून आहे. हौशी घरांत सोळा थरांचाही करतात. पोर्तुगालच्या मठांत अंड्यांच्या पांढऱ्याने वस्त्रांस खळ देत, मग उरलेल्या बलकाची पक्वान्ने होत, असेही सांगतात. गोव्यात त्या बलकास नारळाचे दूध भेटले आणि हा पदार्थ आपल्या किनाऱ्याचा झाला. अशीच एकेक थर भाजण्याची रीत डचांच्या अमलात इंडोनेशियात रुजली. तेथील केकास ‘लापिस लेगित’ म्हणतात.

आपल्या नेहमीच्या केकात आणि यात मोठा भेद आहे. नेहमीचा केक आत कोंडलेल्या हवेने फुगतो. तो एकदाच भाजतात, मग आडवा कापतात आणि मधे मलई भरून पुन्हा जोडतात. त्याचे थर मागाहून केलेले असतात. बेबिंका फुगत नाही, आणि त्याचे थर कापून होत नाहीत. त्याचे पीठ दुधासारखे पातळ असते. ते सर्व एकदम ओतले, तर वरचा भाग तांबूस होईल आणि आतील कच्चे राहील. म्हणून पळीभर पीठ ओतावयाचे, ते वरून आच देऊन तांबूस भाजावयाचे, त्यावर चमचाभर तूप सोडावयाचे, आणि मगच दुसरी पळी ओतावयाची. भाजलेली साय आणि मधले तूप यांमुळे थर एकजीव न होता निरनिराळे दिसतात. खालचा थर नीट भाजला नसेल, तर वरच्यास आधार नाही. यात युक्ती काहीच नाही. बसून राहण्याची तयारी मात्र पाहिजे.

रविवारी सकाळी आम्ही सामान मांडले. दोन मोठे नारळ, दहा अंडी, ४०० ग्रॅम साखर, सव्वाशे ग्रॅम मैदा, पाव किलो साजूक तूप, अर्धे जायफळ आणि चिमूटभर मीठ. अंड्यांचे पैसे आमच्या खाऊच्या डब्यातून निघाले. नारळ खवून, वाटून, पंचातून पिळून अर्धा लिटर घट्ट दूध काढण्यास आम्हांस दीड तास लागला, आणि दोघांच्याही बोटांस खवणी लागली. मावशींनी बलक वेगळा करून दाखविला. मग साखर दुधात विरघळविली, त्यात बलक घोटला, मैदा थोडाथोडा घालून गुठळ्या मोडल्या, पीठ गाळून घेतले आणि वर जायफळ किसले. मावशींनी आपला विजेचा ओव्हन आमच्या ओट्यावर आणून ठेवला होता. दुपारी दोन वाजता त्यांनी पहिली पळी आमच्या हातून ओतविली. वीस मिनिटांत पहिला थर सोन्यासारखा झाला. दुसराही तसाच साधला. तिसरा आत ठेवला आणि मावशी आपल्या पाळीस निघून गेल्या. त्यांची रिक्षा वळते न वळते, तोच वीज गेली.

आम्ही अर्धा तास वाट पाहिली. तिसरा थर धड कच्चा नाही, धड भाजलेला नाही, अशा अवस्थेत थंड होत चालला. गॅस होता, परंतु गॅस खालून तापवितो, आणि या पदार्थास आच हवी वरून. आम्ही दोघांनी एकमेकांवर रागावून पाहिले, परंतु त्याने वीज आली नाही. शेवटी आम्हांपैकी धाकट्याने फाट्यावरून विकतचा केक आणावा, असे ठरू लागले. पायांत चपला घातल्या, तेव्हा आजी ओसरीवरून म्हणाली, “इजंची वाट काय बघत बसलाय? इज नव्हती, तवा लोक जेवत नव्हते व्हय?”

आजीने सर्व पाहिले होते. ती उठली, शेगडीत कोळसे घातले, आणि सकाळच्या नारळांच्या करवंट्या फोडून त्यांवर रचल्या. घरात धूर कोंडू नये म्हणून शेगडी अंगणातच पेटविली. करवंटी लवकर पेटते आणि तिचा निखारा कडक होतो. गोव्यातही जुन्या काळी हा केक नारळाच्या सोडणांच्या व करवंट्यांच्या आचेवर भाजीत, हे मावशींनी पुढे सांगितले, तेव्हा आम्हांस मोठे नवल वाटले. कारण आजीने गोवा पाहिलेला नाही. केकचे भांडे दोन विटांवर ठेवून खाली चार निखारे सारले, भांड्यावर भाकरीचा लोखंडी तवा ठेवला, आणि तव्यात चिमट्याने निखारे भरले. “व्हरनं पायजे नव्हं तुमाला? ह्ये घ्या व्हरनं,” असे म्हणून तिने पुठ्ठ्याचा एक तुकडा आमच्या हाती दिला. “वारा घाला.”

आम्ही उत्साहाने वारा घातला, आणि तो जास्त झाला. दहा मिनिटांनी तवा उचलून पाहतो, तो तिसरा थर एका बाजूस काळा झालेला! आमच्या डोळ्यांत पाणी आले. ते धुराने आले असे आम्ही म्हटले. आजी म्हणाली, “पयली भाकरी करपतीच. फुडचं वता.” आम्ही तूप सोडून चौथी पळी ओतली. या वेळी निखारे कडेने पसरले, मधे थोडे ठेवले. राख आत पडू नये म्हणून तवा सांडशीने सरळ उचलावयाचा, आडवा ओढावयाचा नाही, हे आम्ही एकदा चुकून शिकलो. एकेका थरास अर्धा तास लागू लागला. एकाने वारा घालावा व दुसऱ्याने घड्याळ पाहावे. मग अदलाबदल करावी. पाठीस रग लागली, तोंडे भाजून निघाली. तेव्हा आमच्या ध्यानात आले की आई हेच काम रोज दोन वेळा करते, आणि ते संपल्यावर पुस्तक उघडते.

चार वाजता बाबांचा फोन आला होता. पदवी हाती पडली होती, आणि ती दोघे परत निघाली होती. ते ऐकून आजी बराच वेळ गप्प राहिली. पाचव्या थराच्या वेळी निखारे सारीत ती म्हणाली, “म्या बी तिला नगं म्हनले व्हते. घरात काय कमी हाय, म्हनले.” थोड्या वेळाने ती पुन्हा बोलली. “माज्या टायमाला मला कुनी इचारलं बी न्हाई.”

हे वाक्य आमच्या मनातून जात नाही. आमच्या पाठ्यपुस्तकांत आहे की पुण्यास जन्मलेल्या आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या. आणि १९१६ साली महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी मुठेकाठी हिंगण्यास महिलांचे विद्यापीठ सुरू केले. हे धडे आम्ही पाठ केले, त्यांवर गुणही मिळविले. आजीचे माहेर त्याच मुठेच्या काठी, हिंगण्यापासून चालत जाण्याजोग्या अंतरावर होते. विद्यापीठ निघाल्यावर तीस वर्षांनी ती जन्मली, आणि तरीही पाटीस तिचा हात कधी लागला नाही. थोर माणसे वाट पाडतात हे खरे; परंतु ती वाट आपल्या दारापर्यंत यावी, यासाठी घरातल्यांनीही काही करावे लागते. आमच्या घरातल्यांनी काय केले होते? एकीने ‘नको’ म्हटले होते, आणि दोघांनी ‘कशाला’ म्हणून विचारले होते. आणि आता तेच तिघे अंगणात बसून तव्यावर वारा घालीत होते.

सहाव्या थराच्या वेळी वीज आली. ओव्हनचा दिवा लागलेला खिडकीतून दिसला. पण आम्ही कोणीच उठलो नाही. सातवा थर सात वाजता उतरला. मग केक निवत ठेवला, आणि नऊ वाजता भांड्याच्या कडेने सुरी फिरवून तो ताटात उपडा केला. दुकानातल्या केकासारखा तो उंच नव्हता. फार तर तीन बोटे होता. वर मलई नव्हती की नाव नव्हते. उरलेल्या दहा पांढऱ्यांचे काय करावे हे कोणासच ठाऊक नव्हते. त्यांची भुर्जी आम्ही त्या रात्री व दुसऱ्या दिवशी सकाळी खाल्ली.

आई व बाबा सव्वादहाला आली. आईने पिशवीतून पदवीची सुरळी काढली आणि प्रथम आजीच्या हातात दिली. “आत्याबाई, बघा.” आजीने पदरास हात पुसले, कागद दिव्याखाली धरला आणि विचारले, “ह्यात तुजं नाव कंचं?” आईने बोट ठेवून दाखविले. आजीने त्या अक्षरांवरून एकदा हात फिरविला. मग ती म्हणाली, “पोरांनी काय केलंय त्ये बी बघ.”

आईने केक कापला. आत थर दिसले. तिने सुरीच्या टोकाने ते मोजले; सात भरले. तिसरा एका अंगास काळा होता. आम्ही घाईघाईने वीज गेल्याची, निखाऱ्यांची, वाऱ्याची सारी हकीकत सांगू लागलो, आणि काळा भाग काढून टाकण्यास सुरी मागितली. तिने ती दिली नाही. करपलेल्या बाजूचाच तुकडा तिने आपल्या ताटलीत घेतला, सावकाश खाल्ला आणि आम्हांकडे पाहिले.

“फाट्यावर केक मिळतो,” ती म्हणाली. “मग तुम्ही पाच तास शेगडीपाशी कशाला बसलात?”

आम्हांस उत्तर सुचेना. पुष्कळ काही सांगावयाचे होते, पण ते शब्दांत येईना. आम्ही खाली पाहत उभे राहिलो.

“मलाही त्या दिवशी सांगता आलं नव्हतं,” आई म्हणाली.

म्हणजे तिला तो प्रश्न आठवत होता. चार वर्षे आठवत होता. तेव्हा जे कधीच बोलावयास पाहिजे होते, ते आम्ही बोललो. ते दोनच शब्द होते: “आई, चुकलो.” तिने आमच्या काजळीने भरलेल्या बोटांकडे पाहिले, आणि आधी हात धुऊन या, असे सांगितले. मग आम्हां दोघांच्या ताटल्यांत तिने एकेक तुकडा वाढला. मावशींसाठी एक मोठा तुकडा झाकून ठेवला.

असो. ज्या शाळासोबत्यांस हा केक करून पाहावयाचा असेल, त्यांनी वडील माणसांस जवळ बसवून, मोकळ्या हवेत व सबंध दिवस हाती ठेवून करावा. निखारे कडेस जास्त व मधे कमी ठेवावेत. आणि एखादा थर करपला, तरी पुढचा ओतावा. आणि ज्यांच्या घरी कोणी रात्री उशिरा दिवा लावून वाचीत असेल, त्यांस आमचे एवढेच सांगणे आहे की, त्या माणसाने एखाद्या शब्दाचा अर्थ तिसऱ्यांदा विचारला, तरी तो सांगावा.